अठ्ठेचाळीस सेकंदांचा सिग्नल

नियमावलीतला सातवा मुद्दा आम्ही फॉर्म भरल्यावर वाचला. ‘एकल तबलावादनासाठी लेहऱ्याची साथ स्पर्धकाने स्वतः आणावी. इलेक्ट्रॉनिक लेहरा किंवा मोबाइल ॲप चालणार नाही.’ तोवर जन्मदाखला स्कॅन करून झाला होता, फी भरून झाली होती, दोन एमबीच्या वर जाणारा फोटो तीनदा लहान करून झाला होता. लेक जेवता जेवता म्हणाली, "बाबा, लेहरा कोण वाजवणार?" तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

लेहरा म्हणजे काय हे चार महिन्यांपूर्वी मलाही धड सांगता आलं नसतं. गाण्याच्या साथीला तबलजी बसतो तेव्हा तो ठेका धरून राहतो आणि गाणारा हिंडून परत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. एकट्यानं तबला वाजवायचा म्हटला की सगळं उलटं होतं. आता हिंडणार तबला, मग घर सांभाळायला कोणीतरी पाहिजे. ते काम सारंगी नाहीतर पेटी करते. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसणारी एवढीशी धून, तीच ती, पुन्हा तीच, तबला थांबेपर्यंत. हाच लेहरा. कोणी नगमा म्हणतात. वाजवणाऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि तो एकदा चुकला की सगळ्या सभागृहाचं जातं. आमच्या हिशेब विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही नोकरी नवी नव्हती.

लेक चौदा वर्षांची. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम झालेली. आजवर परीक्षेच्या वेळी क्लासमधला एक दादा लेहरा धरायचा, त्याला हिंजवडीला नोकरी लागली आणि तो गेला. बाहेरच्या दोघांना विचारून पाहिलं. एकानं त्या तारखेसाठी आधीच तीन स्पर्धकांना शब्द दिलेला होता. दुसरे पैसे घेऊन यायला तयार होते, पण लेकीचे तबल्याचे सर अडले. "आदल्या दिवशी येऊन बसणारा काय कामाचा? रोज हिच्यासोबत बसणारा पाहिजे." मग थोडं थांबून मला म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरी पेटी आहे न?"

पेटी होती. माझ्या काकांची. मोझरीच्या बाजूच्या एका गावात त्यांचं भजनी मंडळ होतं, तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायचे, समोर खंजिरी आणि बाजूला ही पेटी. काका गेल्यावर ती आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला आली आणि कपाटावर चढली ती बारा वर्षं तिथेच. खाली काढली तर भात्याच्या घड्यांत झुरळांनी संसार मांडलेला, दोन सूर मुके. महालातल्या एका कारागिरानं सूर काढून घासले, भात्याला आतून कापडाची पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "चालून जाईल. पण भाता नवा टाका." मी त्यातलं ‘चालून जाईल’ तेवढंच ऐकलं.

सरांनी धून निवडली चंद्रकंसातली. तबल्याच्या एकल वादनात हा राग सर्रास चालतो. लेकीचा तबला काळी एकचा, म्हणजे षड्ज पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. कोमल गंधार पांढरी तीन, मध्यम काळी तीन, कोमल धैवत पांढरी सहा, शुद्ध निषाद वरची पांढरी एक, आणि परत काळी एक. पाच सुरांचा राग, रिषभ नाही, पंचम नाही. सहा पट्ट्या लक्षात ठेवायच्या. मला वाटलं आठवड्यात होईल. आठवड्यात झालंही, म्हणजे धून आली. लेहरा यायला पुढचे तीन महिने गेले.

पहिली भानगड भात्याची निघाली. उजव्या हातानं बोटं बरोबर पडत होती, पण डावा हात दर समेला भाता दाबायचा. त्यामुळे सम आली की आवाज फुगायचा आणि खालीपर्यंत, म्हणजे टाळी नसलेल्या नवव्या मात्रेपर्यंत, ओसरायचा, जणू पेटीला दम लागलाय. सरांनी माझा डावा हात धरून हलवून दाखवला. भात्याचा आणि मात्रेचा काही संबंध ठेवायचा नाही, तो आपल्या लयीत सारखा हवा भरत राहिला पाहिजे. त्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "भाऊ, या पेटीला आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली होती, तीसेक वर्षं उठवली नाही. तुम्ही असं वाजवाल तर मला वाटेल त्यांचं बरोबरच होतं."

दुसरी भानगड मोठी. मी पळायचो. लेक पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ विस्तार, वाजवत असेपर्यंत ठीक चालायचं. तिनं कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, दुप्पट लयीत घेतला की माझी बोटं तिच्या मागे धावायला लागायची. तिनं आड लय घेतली, सोळा मात्रांत चोवीस बोल बसवायला लागली, की मी अर्ध्यातच कुठेतरी अडकायचो आणि तिची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा शेवटचा बोल, पूर्ण होऊन ती समेवर आली तरी मी तेराव्या मात्रेवर. ती हात उचलून तशीच बसायची. "बाबा, तुम्ही पळून राहिले." आणि पुढच्या वेळी, "बाबा, आता थांबून राहिले." स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "एकाच वेळी पळणं न थांबणं तुझ्या बाबांनाच जमते."

सरांचा उपाय साधा होता. "तुम्ही तिचं ऐकूच नका." मला समोर पेपर धरायला लावला. लेहरा वाजवायचा आणि बातमी मोठ्यानं वाचायची. ते जमायला लागलं तेव्हा बायकोनं भाजीचा हिशेब विचारायचा आणि मी बोटं न थांबवता उत्तर द्यायचं. घरी हे चालू असताना एकदा शेजारचे काका डोकावून गेले. सोसायटीत बातमी पसरली की हा माणूस पेटीवर भाजीचे भाव गातो.

आणि मग मेडिकल चौक. ऑफिसला जाताना त्या सिग्नलवर मला हमखास लाल दिवा लागतो. खाली सेकंदांचा आकडा उतरत असतो. एक सेकंद म्हणजे एक मात्रा धरली तर मिनिटाला साठ मात्रा, सरांनी पेशकारासाठी ठरवलेली लय नेमकी हीच. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा अठ्ठेचाळीस यायचे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. म्हणजे तीन आवर्तनं. मी स्कूटरच्या हँडलवर बोटांनी धून वाजवायला लागलो. हिरवा दिवा लागायच्या क्षणाला सम यायला पाहिजे. पहिल्या आठवड्यात माझी सम चार-पाच सेकंद आधीच येऊन जायची. महिन्याभरानं बरोबर हिरव्या दिव्यावर यायला लागली. मागचा ऑटोवाला एकदा हॉर्न मारून म्हणाला, "काका, झोपले काय?" त्याला काय सांगणार, आत्ताच समेवर आलो म्हणून.

तिसऱ्या महिन्यात सरांनी सूचना बदलली. "आता तिचं ऐका. पण बोटांना कळू देऊ नका." मला आधी हा विनोद वाटला. मग त्यांनी उस्ताद अहमदजान थिरकवाँचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि म्हणाले, तबला नका ऐकू, मागचा लेहरा ऐका. थिरकवाँ म्हणजे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला असलेले, एवढंच मला तोवर ठाऊक. आणि तबला न ऐकता थिरकवाँ ऐकायचे म्हणजे सावजीकडे जाऊन वरणभात मागवण्यासारखं. पण तसं ऐकल्यावर दिसलं, मागचा माणूस जागचा हलत नाही, आणि तरी त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं की तबला आत्ता कुठे गेलाय. लय वाढवायची तीही तबल्यानं. वाजवणारा मुखडा, म्हणजे समेवर आणणारा छोटा तुकडा, घेऊन नवी लय दाखवतो, लेहरेवाला तेवढीच उचलतो आणि तिथे पाय रोवतो. स्वतःच्या मनानं एक मात्राही नाही.

प्राथमिक फेरी व्हिडिओची होती. पाच मिनिटं, एकच कॅमेरा, काटछाट नाही, दोन्ही हात दिसले पाहिजेत. अकरा वेळा केला. तिसऱ्यात कुकरची शिट्टी, सहाव्यात भंगारवाला, आठव्यात सगळं उत्तम आणि मोबाइलची जागा संपलेली. अकरावा पाठवला. दोन आठवड्यांनी निरोप आला, बारा जणांत निवड झाली, अंतिम फेरी ऑगस्टमधल्या एका रविवारी, शंकरनगर चौकाच्या जवळच्या सभागृहात. वेळ प्रत्येकी दहा मिनिटं.

या दहा मिनिटांवर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी लग्नाच्या याद्यांवर होत नाही. सरांच्या मते एकल वादनाला तासभर हवा. पेशकारच मुळी वीस मिनिटांचा ऐवज. तो तीन मिनिटांत मांडायचा म्हणजे पुरणपोळीतलं नुसतं पुरण चमच्यानं चाटवण्यासारखं आहे, हे त्यांचं म्हणणं, आणि ते प्रत्येक स्पर्धेच्या वेळी तेच म्हणतात आणि प्रत्येक स्पर्धेला पोरं पाठवतात. मी ऑफिसची सवय म्हणून आखीव कागद घेतला. मिनिटाला साठ मात्रा धरल्या तर एक आवर्तन सोळा सेकंदांचं, पेशकाराची अकरा आवर्तनं, एकशे शहात्तर सेकंद. मग लय ऐंशीवर, आवर्तन बारा सेकंदांचं, कायदा आणि त्याच्या बोलांची उलटापालट, म्हणजे पलटे, पंधरा आवर्तनं. रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धार, शंभराच्या लयीत, बारा आवर्तनं. शेवटी एकशे वीसच्या लयीत तुकडे आणि फर्माइशी चक्रदार. बेरीज आली पाचशे सदुसष्ट सेकंद. तेहतीस उरले. मी ते ‘आकस्मिक खर्च’ म्हणून खाली लिहून ठेवले. लेक हसली. सर हसले नाहीत, म्हणाले, "राहू द्या, लागतात."

फर्माइशी चक्रदाराचं मला फार कौतुक वाटतं, कारण तो शुद्ध हिशेब आहे. एक बांधलेला तुकडा, त्याच्या शेवटी तिहाई, म्हणजे तीन ‘धा’. हा सगळा ऐवज तीनदा वाजवायचा. पहिल्या फेरीत तिहाईचा पहिला ‘धा’ समेवर पडतो, दुसऱ्या फेरीत दुसरा, तिसऱ्या फेरीत तिसरा, आणि तिथे वादन संपतं. मध्ये अर्ध्या मात्रेची चूक झाली तर तिन्ही ‘धा’ समेच्या आजूबाजूला सांडतात. लेकीनं हा चक्रदार आधी हातानं टाळी देत तोंडानं पढला, दोन आठवडे, मग तबल्यावर घेतला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून पाऊस. नऊला हजेरी, असं कळवलेलं. साडेआठला आम्ही ऑटोत, तिच्या मांडीवर तबला, पायांत डग्गा, माझ्या मांडीवर पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. साडेदहापर्यंत दीपप्रज्वलन झालं नव्हतं. मग पाहुण्यांचे सत्कार. मंचामागच्या फलकावर उस्ताद झाकीर हुसेन यांचा हसरा फोटो, डिसेंबर २०२४ मध्ये ते गेल्यापासून तबल्याच्या प्रत्येक कार्यक्रमात असतो तसा. आमचा क्रमांक नववा. तो यायला दुपारचे पावणेतीन वाजले. आयोजकांपैकी कोणी चहा विचारला नाही, पण माईक तपासणारा मुलगा दर अर्ध्या तासानं येऊन "होऊनच राहिलं" म्हणून जायचा. होऊन मात्र काही राहिलं नव्हतं.

ग्रीनरूममध्ये बारा तबले बारा सुरांत. सगळीकडे हातोड्यांची टकटक, टाल्कम पावडरीचा वास, पाच मोबाइलवर पाच तानपुरे. प्रत्येक कोपऱ्यात एक आई डबा उघडून बसलेली आणि कोणतंही पोर खायला तयार नाही. पावसाळी हवेनं पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, ओलसर होते, तबला उतरतो. आमचा जवळपास अर्धा सूर उतरला होता. सरांनी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून ठोके देत देत, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवत काळी एकला आणून ठेवला. मग पेटीच्या षड्जाशी लावून पुडीचा मधला भाग, कड, सगळीकडे बोट फिरवून पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "तुम्ही चष्मा पुसून घ्या." तबला लावणं कसं असतं ते त्या दहा मिनिटांत मी जवळून बघितलं. ठोका देतात एका ठिकाणी आणि ऐकतात समोरच्या ठिकाणी.

सभागृहात ए.सी. जोरात होता. ग्रीनरूमच्या दमट हवेतून आम्ही त्या कोरड्या गारठ्यात आणि वरून दिव्यांखाली जाऊन बसलो. तिनं नमस्कार केला, मी लेहरा सुरू केला. दोन आवर्तनं नुसता लेहरा, मग तिची उठान, म्हणजे सुरुवातीची जोरकस उडी, आणि पेशकार. घड्याळ तिच्या पहिल्या बोलापासून सुरू.

चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मला काहीतरी टोचायला लागलं. पेटीचा षड्ज आणि तबल्याची ‘ना’ एकमेकांना घासत होत्या. आधी वाटलं पेटीच बेसूर झाली, मग लक्षात आलं, तबला चढतोय. पुडी वाळत होती. सुरांच्या बाबतीत माझा कान काही तयार नाही, पण चार महिने रोज तोच एक षड्ज ऐकल्यावर त्यातला खडा कोणालाही लागला असता. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पेशकार तिनं पूर्ण केला, अकरा आवर्तनं, तिहाई, सम. आणि हात उचलून हातोडी घेतली.

मी लेहरा वाजवत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. चढलेला तबला उतरवायचा म्हणजे गजऱ्याला खालून वर ठोके द्यायचे, हलके, कारण जास्त उतरला तर परत चढवा. ती एका हातानं तबला थोडा तिरपा करून ठोका द्यायची, ‘ना’ वाजवून पाहायची, तबला फिरवायची, पुन्हा ठोका. माझी समेवरची काळी एक हाच तिचा तानपुरा. सभागृहात कोणी खोकलं. पहिल्या रांगेतल्या तीन परीक्षकांपैकी मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर मेडिकल चौक आला. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस. शपथेवर सांगतो, मी त्या तीन आवर्तनांत लाल दिवाच बघत होतो. तिसरी सम आली तेव्हा तिनं हातोडी मांडीमागे ठेवली होती आणि त्याच समेवर मुखडा मारून ऐंशीची लय दाखवली. कायदा सुरू.

आकस्मिक खर्चात पंधरा सेकंदांची तूट. हे मी त्या वेळीही मोजलं, सवय आहे.

कायदा छान गेला. जुना दिल्लीचा कायदा, ‘धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना’, सगळ्या क्लासांत शिकवतात तो. पलटे स्वच्छ निघाले. रेला सुरू झाला, शंभराची लय, आणि आठव्या आवर्तनात घंटा वाजली. आठ मिनिटं झाल्याची ती घंटा, ती वाजणार हे फॉर्मवर लिहिलेलं, सरांनी घरी ताटलीवर चमचा आपटून तिची तालीमही घेतलेली. तरी मी दचकलो. पांढरी एकवर जायचं बोट शेजारच्या पांढरी सातवर पडलं. म्हणजे शुद्ध निषादाच्या जागी कोमल निषाद. आणि एकदा पडल्यावर पुढच्या जागेलाही तिथेच पडलं. संपूर्ण एक आवर्तन मी चंद्रकंसाऐवजी मालकंस वाजवला. दोन रागांत फरकच तेवढ्या एका निषादाचा. लय हलली नाही, एवढं मात्र मला कोणी नाकारू शकत नाही.

लेकीनं तोवर निर्णय घेतला होता. रेल्याची राहिलेली आवर्तनं तिनं सोडून दिली, माझ्याकडे एकदा मान वळवली, तिहाई घेऊन रेला बंद केला आणि लय वर नेली. दोन तुकडे. मग चक्रदार. पहिल्या फेरीचा पहिला ‘धा’ माझ्या समेवर पडला तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते लिहिता येत नाही. दुसऱ्या फेरीचा दुसरा. तिसऱ्या फेरीला मी डोळे मिटून घेतले, पेपर वाचतोय असं समजून. तिसरा ‘धा’ आणि माझी काळी एक एकदमच वाजली. शेवटची घंटा त्यानंतर काही सेकंदांनी झाली.

परीक्षकांनी तिला चक्रदाराची पढंत करायला सांगितली. तिनं टाळी देत म्हणून दाखवली. मधल्या बाईंनी विचारलं, "मध्येच तबला का उतरवलास? तसाच रेटला असतास तरी बाकीच्यांनी रेटलाच आहे." ती म्हणाली, "कानाला त्रास होत होता." बाईंनी काहीतरी लिहिलं. मग कडेचे परीक्षक, पांढऱ्या केसांचे, माझ्याकडे बघून म्हणाले, "लेहऱ्यात मालकंस कुठून आला हो?"

मी म्हणालो, "घंटेबरोबर आला."

ते हसले. "आला तसा गेला, चांगलं झालं."

निकाल सातला. पहिला आला चंद्रपूरचा एक मुलगा. त्यानं अजराडा घराण्याचा तिस्र जातीतला, म्हणजे तीन-तीनच्या चालीचा, कायदा वाजवला होता, आणि त्याच्या डग्ग्याचा घुमारा असा होता की ग्रीनरूममध्ये भिंतीला टेकून बसलेल्या आम्हा लोकांना पाठीत ऐकू आला. त्यात मला काही म्हणायचं नाही. तिसऱ्या क्रमांकाबद्दल म्हणायचं आहे, पण मी स्पर्धकाचा बाप आहे, माझं कोण धरणार. आमच्या लेकीला उत्तेजनार्थ. गुणपत्रिकेचे रकाने मागितल्यावर दाखवले: लय, निकास (म्हणजे बोल काढण्याची सफाई), रचना, सादरीकरण. लयीचे गुण तिला चांगले होते. निकासाखाली शेरा होता, ‘डावा हात अजून बोलत नाही.’ सर तो वाचून म्हणाले, "बरोबर लिहिलं. मी दोन वर्षं झाली सांगून राहिलो."

परत येताना पाऊस थांबला होता. एका टपरीवर उरलेले तर्री पोहे मिळाले, संध्याकाळचे, गार, वर तर्री मात्र कडकडीत. तिनं दोन प्लेटा खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्मृतिचिन्ह तिनं डग्ग्याच्या पिशवीत कोंबलं होतं, घरी आल्यावर तिची आई ते शोधत बसली. दोन दिवस तबल्याची खोळ निघाली नाही. मी काही बोललो नाही. ऑफिसला जाताना सिग्नलवर बोटं मात्र आपोआप चालायची, आता थांबवता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी क्लासला गेलो. आकाशवाणीच्या स्पर्धेचा विषय निघाला, पण तिथे सोळा पूर्ण लागतात, म्हणजे अजून दोन वर्षं. लेक म्हणाली, "सर, पुढच्या वेळी तीनताल नको. सगळे तीनतालच वाजवतात. रूपक घेऊ."

मी घरून वाचून गेलो होतो. रूपक सात मात्रांचा, आणि त्याच्या पहिल्या मात्रेवर खाली असते. सम आणि खाली एकाच जागी. मी सरांना विचारलं, मग लेहऱ्यात सम दाखवायची तरी कशी, तिथे तर टाळीच नाही?

सरांनी माझ्या पेटीचा भाता उघडला. कारागिरानं लावलेली पट्टी एका बाजूनं सुटून लोंबत होती, बहुतेक स्पर्धेच्याच दिवशी सुटली असावी. त्यांनी भाता दाबला. फुस्स.

"आधी हे शिवून आणा," म्हणाले.